भांडणाऱ्या जावा

म्हसावदच्या आमच्या घरात सकाळ आवाजांनी व्हायची. आधी दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची मोटारसायकल, केळीच्या शेतातली मोटर सुरू करायला जाताना ती तीनदा खोकायची आणि मग निघायची. त्यानंतर आईच्या खराट्याचा आवाज, अंगणाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत न थांबता. आणि या सगळ्यांच्या वर काकूचा आवाज. ती कधी म्हशीशी बोलत असायची, कधी न पेटणाऱ्या चुलीशी, कधी काकांशी, पण अंथरुणात पडल्या पडल्या ऐकणाऱ्याला फरक कळायचा नाही, कारण तिघांशी ती एकाच पट्टीत बोलायची. काकूचं नाव रत्ना. ती माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. माझी आई घरातली मोठी जाऊ. काकू तिला जिजी म्हणायची आणि आई तिला नावानं हाक मारायची. एकाच चुलीवर दोघींनी इतकी वर्षं स्वयंपाक केला होता की कोणत्या भाजीत मीठ कुणी घातलं हे त्यांनाही आठवायचं नाही.

घरात आम्ही अहिराणी बोलायचो. मराठी शाळेत आणि तलाठ्याकडे. लोणखेड्याच्या कॉलेजात मी जायला लागले तेव्हा वर्गात चुकून तोंडातून 'आहे'ऐवजी 'शे' निघालं की मागच्या बाकावरून कुणीतरी हसायचं, आणि हसणाराही घरी जाऊन तेच बोलायचा. आपली बोली ही घरात घालायच्या जुन्या साडीसारखी आहे, पाहुणे आले की बदलायची, असंच आम्हाला वाटत होतं. म्हणून पुढं जे झालं त्याचं मला अजून नवल वाटतं.

ती आखाजी होती, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे आखाजीला मांडे आणि आंब्याचा रस हवाच. मांडे करणं म्हणजे एकटीचं काम नव्हे. चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं असतं, खाली जाळ. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत कोपरापर्यंत पसरायचा आणि अलगद खापरावर टाकायचा. मांडे टाकायला काकू, जाळ सांभाळायला आई. घरभर गुळाचा आणि वेलदोड्याचा वास, बाहेर ऊन मी म्हणत होतं. माझ्या हातात नवा फोन होता. मांडा हवेत कसा पसरतो ते मैत्रिणींना दाखवायचं म्हणून मी उंबऱ्यात बसून चित्रण करत होते. तेवढ्यात जाळ भडकला आणि मांड्याला मोठा काळा डाग पडला.

"जिजी, आग कमी कर वं! मन्हा मांडा जळी गया!"

"आगले काय नाव ठेवस? तुन्हा हात चालव!"

"मन्हा हात चालस. तुन्हं ध्यान नही शे!"

"तं मग तू बठ आठे आगपुढं. मी करस मांडा!"

"करी दखाड! खापरले बी भेव वाटी!"

यानंतर दोघी इतक्या हसल्या की काकूला खापरापासून बाजूला व्हावं लागलं. आईनं पदरानं डोळे पुसले, ते धुरानं की हसण्यानं कोण जाणे. पण ते हसणं फोनमध्ये आलंच नाही. फोनमधली जागा संपली होती आणि चित्रण 'भेव वाटी'वर, म्हणजे खापरालाही भीती वाटेल यावर, थांबलं होतं. मी तेवढाच तुकडा व्हिडिओच्या अ‍ॅपवर टाकला आणि रस-मांडे खायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उघडला तर तो थरथरायचा थांबेना. धुळे, जळगाव, नाशिक, सुरत, कुठून कुठून लोकांनी ते भांडण पाहिलं होतं. सुरतमध्ये आमच्याकडची किती माणसं कामाला गेली आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. 'किती वर्षांनी हे शब्द ऐकले' असं कुणी लिहिलं होतं. पण बहुतेकांनी बाजू घेतली होती. अर्धे म्हणत होते थोरली बरोबर, अर्धे म्हणत होते धाकटी. त्यांची आपसातच जुंपली होती. शहाद्याच्या बस स्टँडवर दोन पोरी एकमेकींना "खापरले बी भेव वाटी" म्हणून चिडवताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि उगाच मान ताठ करून चालू लागले. त्यांचं ते 'बी' आणि 'भेव' ऐकून कुणी हसत होतं, पण आता ते हसणं वेगळं होतं.

मग धुळ्याहून विकीभाऊंचा फोन आला. ते अशी व्हिडिओची चॅनलं चालवणाऱ्यांना सल्ला द्यायचे. गोड बोलणारा, घाईत असलेला, मनानं वाईट नसलेला माणूस. ते एकदा घरी आले, काकूच्या हातची शेवभाजी दोनदा मागून घेतली आणि ओट्यावर बसून आम्हाला सगळं समजावून सांगितलं. व्हिडिओ कुणाला दाखवायचा हे कुणी माणूस ठरवत नाही, तिथं एक अल्गोरिदम असतो. आधी तो थोड्या लोकांपुढं व्हिडिओ टाकून बघतो. ते थांबले, पुन्हा पाहिला, खाली काही लिहिलं, दुसऱ्याला पाठवला, तर आणखी लोकांपुढं टाकतो. लोक सरकले की तोही सरकतो.

"मग त्याले काय आवडस?" आईनं विचारलं.

"त्याला काहीच आवडत नाही, मावशी. लोक कशापाशी थांबतात तेवढंच त्याला कळतं."

आई म्हणाली, "रस्तामा भांडन व्हयनं तं लोके थांबतसच ना? म्हनजे आवडस म्हनीसन नही थांबत. काय व्हई ऱ्हायनं ते देखाले थांबतस."

"त्याला त्यातला फरक कळत नाही," विकीभाऊ म्हणाले आणि हसले. त्यांनी चॅनलला 'भांडणाऱ्या जावा' असं नाव सुचवलं आणि आम्हाला नियम दिले. पहिल्याच क्षणी आवाज चढला पाहिजे. कोण बरोबर हे शेवटी कळता कामा नये. आणि भांडण मिटायच्या आत व्हिडिओ संपला पाहिजे.

पुढचे काही महिने आमच्या घरात जी मजा होती ती पुन्हा कधी आली नाही. संध्याकाळी भाकरी थापता थापता भांडणाचे विषय निघायचे. शेजारणीची कोंबडी, नळाचं पाणी, कुणाच्या माहेरचं लोणचं चांगलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर तेल आणि ठेचा घेऊन आम्ही धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर जायचो, कारण तिथंच नेटवर्क यायचं. उत्तरेला सातपुडा निळा-काळा होत जायचा, उसाच्या ट्रॅक्टरांचे आवाज येत राहायचे, आणि या दोघी कमरेवर हात ठेवून एकमेकींवर तुटून पडायच्या. मध्येच काकू वाक्य विसरायची आणि आईच तिला हळूच सांगायची, की आता तू माझ्या आईवर घसर. दादा खाली अंगणात खाटेवर बसून ऐकायचे. एकदा ते काकांना म्हणाले, "खरं भांडन करतीन तवय आपले कसं समजी?" काकांनी सांगितलं, की खरं भांडण झालं तर दोघी गप्प बसतील.

एकदा आईला ताप आला होता. काकू तिच्या डोक्याशी बसून केसांना तेल लावत होती आणि दोघी कुठल्यातरी जुन्या लग्नाच्या गोष्टी सांगत होत्या. ते मी टाकलं. कुणीच थांबलं नाही. विकीभाऊ म्हणाले, "छान आहे गं, पण यात लोकांना करायला काय आहे? भांडणात बाजू घ्यावी लागते. बाजू घेतली की लिहावं लागतं." मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. आकडे त्यांच्याच बाजूनं होते.

पण बाजू घेताना लोकांना एक वाईट माणूस लागतो, आणि हळूहळू ती जागा काकूला मिळाली. ती काही जास्त वाईट बोलली होती असं नाही. तिचा आवाज मोठा होता, एवढंच. ज्या व्हिडिओत ती जास्त ओरडायची तो पुढं जायचा, जिथं आई तिला पुरून उरायची तो मागं पडायचा. मग आपोआपच तिला जास्त ओरडावं लागायचं. खाली लोक लिहायचे की अशी जाऊ वैऱ्यालाही मिळू नये. शहाद्याच्या बाजारात एका अनोळखी बाईनं आईचा हात धरला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "कशी दिन काढस वं माय?" काकू शेजारीच पिशवी घेऊन उभी होती. त्या दिवशी परत येताना दोघी रिक्षात हसत हसत आल्या. पण नंतर माझ्या लक्षात आलं, बाजाराला निघायची वेळ झाली की काकूला काहीतरी काम आठवायचं.

मग काकूच्या भाचीचं, पूनमचं लग्न आलं. तापीकाठच्या गावात काकूचं माहेर. पूनम तिच्या भावाची एकुलती एक मुलगी. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात, आणि लग्नात फुईचा मान मोठा. काकूनं महिनाभर आधीपासून तयारी केली होती. पूनमसाठी घेतलेली साडी तिनं आम्हाला दहा वेळा उलगडून दाखवली होती. हळदीच्या दिवशी सकाळीच आम्ही पोचलो. मांडवात फौजदारी डाळीचा वास, साउंड सिस्टीमचा दणका, आणि सगळीकडे पिवळ्या साड्या. काकूनं हळदीची वाटी हातात घेतली आणि पाटाकडे निघाली, तेवढ्यात तिची वहिनी तिला बाजूला घेऊन गेली. मी आणि आई जवळच होतो.

"रत्नाताई, हळद पहिले मावशीले लावू द्या," वहिनी अगदी हळू म्हणाली. तिची नजर जमिनीवर होती. "पोरना सासरना लोके उनात. त्यास्नी तुम्हना व्हिडिओ देखेल शेतस. उगाच म्हनतीन की घरच भांडखोर शे. आपली पोर तठे नांदाले जाई ऱ्हायनी ना."

आयुष्यात पहिल्यांदा मी काकूला उत्तर न देता उभी राहिलेली पाहिली. वाटी तिच्या हातात तशीच होती आणि हळद बोटांवर सांडत होती. वहिनीचा राग करावा असंही नव्हतं. तिला तिच्या मुलीची काळजी होती. आणि नेमक्या त्याच वेळी माईकवाल्यानं आम्हाला पाहिलं.

"मंडळी, आपल्या सर्वांच्या लाडक्या भांडणाऱ्या जावा आज आपल्या मांडवात हजर आहेत! एक झलक झालीच पाहिजे!"

गाणं थांबलं. लोक वळले. बघता बघता मांडवातले सगळे हात वर गेले आणि प्रत्येक हातात फोन. वराकडची मंडळीही खुर्च्यांवरून उठून पुढं आली. मी काकूकडे पाहिलं. ती मांडवाच्या दाराकडे पाहत होती. मला वाटलं, आता ही पळून जाईल.

आई पुढं गेली. तिनं माईक घेतला. लोक खूश होऊन ओरडले.

"रत्ना, आठे ये," आई दरडावून म्हणाली. लोक आणखी ओरडले. काकू खालमानेनं तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. आईनं तिचा हळदीनं माखलेला हात धरला.

"भांडन तं आम्ही करतस," आई म्हणाली. "रोज करतस. पन तुम्ही देखं ते एक मिनिटनं शे. बाकीना दिवस कोनी देखा नही. मन्हं ऑपरेशन व्हयनं तवय हाई बाई मन्ही पोरले आपला जोडे निजाडे. मले घास भरावे. मन्ही माय गयी तवय मन्हाबरोबर हाई रडनी." मग ती पाटावर बसलेल्या पूनमकडे वळली. "पूनम, तुन्ही फुई शे ही. हळद पहिले फुईच लाई. कोनले काही म्हननं व्हई तं मले म्हना."

कुणाला काय करावं कळेना. मग वराकडच्या बायकांमधून एक म्हातारी, वराची आजी होती हे नंतर कळलं, मोठ्यानं म्हणाली, "लाव वं बाई, लाव. हळद सुकी ऱ्हायनी!"

सगळे हसले. वहिनीनं पुढं होऊन काकूच्या हातातली अर्धी रिकामी वाटी पुन्हा भरली आणि तिला पाटापर्यंत घेऊन गेली. काकूनं पूनमच्या गालाला हळद लावली आणि मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या रडल्या की काकूची नवी साडी पिवळी झाली. हात एकेक करून खाली आले. फोन खिशात गेले. इतके लोक त्याचं चित्रण करत होते, पण नंतर मी पुष्कळ शोधलं, त्यातला एकही व्हिडिओ मला कुठं दिसला नाही. भांडण झालं नव्हतं, त्यामुळं कुणाला तो टाकावासा वाटला नसणार.

विकीभाऊंना मात्र कुणाकडून तरी कळलं. त्यांनी फोन केला. ते रडणं कुणाकडं असेल तर मिळवा म्हणाले, जावांचा समेट, डोळ्यांत पाणी, भांडणापेक्षा जास्त चालेल. काकूनं माझ्या हातातून फोन घेतला.

"भाऊ, मन्हं रडनं इकाले नही शे," ती म्हणाली. "तुम्ही जेवाले या. शेवभाजी करसू. पन हाई भांडन आते बंद."

ते रागावले नाहीत. चॅनल बसेल एवढंच म्हणाले, आणि ते खरं झालं. आम्ही व्हिडिओ करायचे सोडले नाहीत, फक्त दोघींना जे करावंसं वाटेल तेच करायचं ठरलं. त्या उन्हाळ्यात आम्ही बिबड्या केल्या. ज्वारी भिजवून, कांडून, तिचं पीठ लसूण-मिरची-तीळ घालून मोठ्या पातेल्यात शिजवायचं आणि त्याचे पापड साडीवर थापून उन्हात वाळवायचे. तो शिजलेला गरम घट्टा कच्चं शेंगदाण्याचं तेल घालून खायला मिळावा म्हणून गल्लीतली सगळी पोरं पातेल्याभोवती जमायची. काकू पीठ घाटत घाटत सांगत होती, किती पाणी, कधी मीठ, पीठ शिजलं हे आवाजावरून कसं ओळखायचं. पातेल्यातून येणारा 'फद फद' आवाज जड झाला की झालं. मी काही कापलं नाही. व्हिडिओ लांबलचक झाला. लाखो लोकांची सवय झालेल्या मला धाब्यावर उभी राहून तो आकडा बघवेना.

"कितला लोकेस्नी देखं?" काकूनं विचारलं.

"पन्नास-साठ."

"पन्नास लोके आपला ओटावर मावतीन का?"

"नही."

"मंग? कमी शेत का?"

पावसाळा गेला, हिवाळा गेला. मिरचीचा हंगाम आला आणि गेला. मी अभ्यासाला लागले. पुन्हा ऊन तापायला लागलं आणि एक दिवस फोन वाजायला लागला. बिबड्यांचा तो व्हिडिओ लोक शोधून शोधून पाहत होते. भांडणं त्या अल्गोरिदमनं लोकांपुढं आणून टाकली होती, ती आली तशी वाहून गेली. हा व्हिडिओ मात्र लोक नाव घेऊन मागत होते आणि मागितला की त्याला तो द्यावाच लागत होता. उन्हाळा संपला की तो झोपायचा, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उठायचा. सुरतहून एका बाईनं लिहिलं होतं, की आई गेल्यापासून घरात बिबड्या झाल्या नव्हत्या, यंदा गॅलरीत साडी अंथरून केल्या, आणि शिजल्याचा आवाज बरोबर ओळखला. मी ते वाचून दाखवलं तेव्हा काकूनं मला ते पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा वाचताना आई उठून पाणी प्यायला गेली.

बिबड्यांचा व्हिडिओ पहिल्यांदा चालला त्याच वर्षी जमना आमच्या घरी आली. ती माझ्या वर्गात होती, होस्टेलला राहायची, तोरणमाळकडची. वर्गात ती फार बोलायची नाही. बोलली तर जपून मराठीत. तिनं आमचे सगळे व्हिडिओ पाहिले होते. काकूनं वाढलेलं जेवण झाल्यावर ती ताटाशीच बसून राहिली आणि म्हणाली, "मावशी, माझी आई आमचूर करते. पहाडात आंबे सोलून वाळवतो आम्ही, सगळा खडक पांढरा होतो. ते आमच्या पावरी बोलीत सांगितलं तर कोणी बघेल का? खाली सपाटीवर कोणालाच कळत नाही आमची बोली."

मी तिला सांगायला लागले होते, की सुरुवातीला कुणी बघणार नाही, तो अल्गोरिदम असा असतो, तसा असतो. काकूनं मला गप्प केलं. तिनं ओटा झाडला, सतरंजी अंथरली आणि जमनाला मधोमध बसवलं.

"तू बोल. आम्ही शेतस ना आठे."

मी फोन धरला. जमना आधी लाजली, दोनदा थांबली. मग तिनं ओढणीचं टोक घट्ट धरलं आणि सुरुवात केली. आंब्याची झाडं, सोलायची पद्धत, वाळवायचा खडक, आईचे हात. शब्द भराभर यायला लागले, वर्गात कधी न ऐकलेला तिचा खरा आवाज बाहेर आला. आम्हाला चारातला एखादा शब्द कळत होता. आई आणि काकू शेजारी शेजारी बसून, मधे एकदाही न बोलता, शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. ती थांबली तेव्हा काकू पुढं सरकली आणि म्हणाली, "आते मले सांग, ते खडकवरनं परत एकदाव. हळूहळू."